दुसऱ्या पायाचा मोजा

थंडी सरत आली की कपडे दुरुस्त करणाऱ्या त्या दुकानात कोटांचा ढीग पडायचा. हिवाळाभर लोकांच्या अंगावर राबलेले कोट. कुणाचं अस्तर फाटलेलं, कुणाचं बटण लोंबकळणारं, कुणाच्या खिशाला एवढं भोक की हात घातला तर थेट गुडघ्याशी निघावा. पुढच्या थंडीच्या आत हे नीट करून ठेवावं, हे शहाणपण सगळ्या गावाला नेमकं एकाच आठवड्यात सुचतं, आणि मग दुकानात बसायचं सोडा, धड उभं राहायलाही जागा उरत नाही. मावशी या दुकानात एकवीस वर्षं अस्तरं बदलत होती. तिला मावशी सगळेच म्हणत. खरं तर ती एकाच मुलीची मावशी. पण ती मुलगी लहानपणी एकदा दुकानाच्या दारातून ‘मावशी’ म्हणून ओरडली आणि ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच.

मावशी कमी बोलायची. माणूसघाणी होती असं नव्हे, पण तिच्या तोंडात सदानकदा आकडे असायचे. टाके, बटणं, इंच, जिन्याच्या पायऱ्या, समोर येईल ते ती मोजायची. मोजताना कुणी हाक मारली तर एक बोट वर करायची आणि आकडा पुरा झाल्यावरच मान वळवायची. दुकानाचे मालक आणि कापड कापणारे एकच, त्यांना सगळे मास्तर म्हणत. ते तिला चिडवायचे, ‘मावशी, तुम्ही चुकून इथे आलात. तुम्हाला जमीनमोजणीच्या कचेरीत घ्यायला हवं होतं.’ मावशी बोट वर करायची. मास्तर समजून गप्प बसायचे.

तिची थोरली बहीण म्हणजे याच्या अगदी उलटा नमुना. ताईच्या तोंडात तीळ भिजत नसे. भाजी आणायला गेली तर भाजी विसरून यायची, पण भाजीवालीच्या सुनेचं बाळंतपण कसं झालं ते सविस्तर घेऊन यायची. विणायला बसली की सुया आणि जीभ बरोबरच सुरू. तिच्या विणकामात टाके सुटायचे, ओळी वाढायच्या, आणि त्याचं तिला काडीचंही वाटत नसे. ‘घालणाऱ्याला थोडंच कळतंय,’ म्हणायची. मावशीला कळायचं. मावशी रात्री तिचं विणकाम हळूच उसवून नीट करायची आणि सकाळी ताई म्हणायची, ‘बघ, म्हटलं ना, छान झालंय.’

दोघी बहिणींचा वर्षानुवर्षांचा एक परिपाठ होता. झाडांना पालवी फुटायला लागली की उरल्यासुरल्या लोकरीचे गुंडे आणि कापडाचे तुकडे घेऊन दोघी ताईकडे बसायच्या आणि लहान लहान भेटी करायच्या. टपालवाल्याला बोटं उघडी राहतील असे हातमोजे, वाचनालयातल्या बाईंना पुस्तकात घालायची विणलेली पट्टी, शेजारच्या आजोबांच्या चष्म्याला शिवलेली पिशवी, गल्लीतल्या पोरांना बटणांच्या डोळ्यांचे ससे. कुणाला काय द्यायचं ते ताई ठरवायची, कारण कुणाचं काय बिनसलंय हे तिलाच ठाऊक असायचं. मावशीचे ससे शाळेच्या रांगेत उभे केल्यासारखे एकसारखे व्हायचे. ताईचे एक कान वर, एक खाली, कुणी लंगडा. पोरं मात्र आधी लंगडा ससाच उचलायची, आणि याचं मावशीला दर वर्षी थोडंसं वाईट वाटायचं.

या वर्षी ताई नव्हती. थंडीच्या शेवटच्या दिवसांत ती गेली. आठ महिने अंथरुणाला खिळून होती, लेकीच्या घरी. त्यातच लेकीला दिवस गेलेले. एका खोलीत जाणारं माणूस आणि त्याच घरात येणारं माणूस, असे ते आठ महिने. ताई जाणार हे सगळ्यांना माहीत होतं, तिला स्वतःलाही. म्हणून मावशीला रडायला फार लाज वाटली नाही आणि फार रडूही आलं नाही. तिला जे छळत होतं ते वेगळंच होतं.

ताई गेली त्या दिवशी दुपारी तिचा फोन आला होता. मावशीला सुट्टी होती. येणाऱ्या बाळासाठी तिने दुलई विणायला घेतली होती आणि सुईवर टाके घालणं चाललं होतं. साठ-सत्तरच्या घरात पोचली असेल. फोन वाजला, नाव बघून तिने तो उचलला, ‘थांब ताई, मोजतेय’ म्हणाली आणि फोन लोकरीच्या टोपलीत टाकला. झालं. जन्मभर ती हेच करत आली होती. ताई हसायची आणि घटकाभराने पुन्हा फोन करायची. मावशीचे टाके घालून झाले, मग पहिली ओळ झाली, मग दुसरी, मग पोटात काहीतरी ढकलावं म्हणून ती उठली, आणि ताईला उलटा फोन करायचं राहून गेलं. संध्याकाळी फोन आला तो भाचीच्या नवऱ्याचा होता.

ताईला काय सांगायचं होतं ते आता कधीच कळणार नव्हतं. एरवी जी बाई शेजारणीच्या मांजराबद्दल अर्धा तास बोलायची, तिच्या शेवटच्या फोनला आपल्याला एक मिनिट निघालं नाही. आपण मोजत होतो. हे मावशी अस्तराला टाके घालता घालता रोज आठवायची. आणि भाचीला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती कधी त्या फोनबद्दल बोललीच नाही, म्हणजे तिला माहीत नसणार. औषध आणायला वगैरे गेली असेल त्या वेळी. पण चोराच्या मनात चांदणं. भाची ‘आई शेवटी’ म्हणून बोलायला लागली की मावशी काहीतरी निमित्त काढून उठायची. ताईमागे आपलं म्हणावं असं हे एकच माणूस उरलं होतं. तुझ्या आईचा शेवटचा फोन मी टोपलीत टाकला, हे हिला कळलं तर ही आपल्या मांडीवर बाळ देईल का, ही मावशीची खरी भीती होती. दुसरी तिला कसली भीती नव्हती.

भाची दुकानात आली ती कोटांच्या त्याच आठवड्यात. पोट पुढे, पाठीला हात, आणि कोटांच्या ढिगामधून वाट काढताना तिला आणि ढिगाला दोघांनाही धाप लागली. मास्तरांनी आपलं स्टूल दिलं. तिने बसल्या बसल्या पर्समधून कागदात गुंडाळलेला एक मोजा काढला. लिंबाच्या रंगाचा, बोटभर लांबीचा, एकच.

‘आईने एवढा पुरा केला,’ ती म्हणाली. ‘दुसरा तू कर ना, मावशी. लोकर आहे थोडी. बाळाला दवाखान्यातून घरी आणताना हेच घालायचेत मला.’

‘दुकानात छान मिळतात आता,’ मावशी म्हणाली.

‘मला दुकानातले नकोत. मला आईचा जोड हवाय.’ आणि मग थोडं थांबून, ‘तुझ्याशिवाय कोण करणार? आईसारखं विणणारं तूच एक.’

मास्तर कात्री चालवता चालवता थांबले, कारण हे साफ खोटं होतं आणि दुकानात सगळ्यांना माहीत होतं. मावशी फक्त ‘बघते’ म्हणाली. बाळंतपणाच्या तारखेला अठरा दिवस होते. तिने ते मोजले.

घरी येऊन तिने ताईचा मोजा दिव्याखाली धरला आणि सुईच्या टोकाने टाके मोजले. छत्तीस टाके. घोट्यापर्यंत बावीस ओळी. टाचेच्या इतक्या, तळव्याच्या इतक्या, बोटांशी कमी केलेले इतके. सगळं कागदावर लिहिलं. तीच लोकर, त्याच नंबरच्या सुया, तेवढेच टाके, तेवढ्याच ओळी. एका बैठकीत मोजा झाला. एकही टाका चुकला नव्हता. तिने तो ताईच्या मोज्याशेजारी ठेवला आणि बघत राहिली. ताईचा मोजा बाळाचा होता. हिचा बाहुलीचा झाला होता.

विणणाऱ्या प्रत्येकीला हे ठाऊक असतं. हात एकीचा घट्ट असतो, एकीचा सैल, आणि तो अक्षरासारखा असतो, बदलत नाही. दोघींनी मिळून एक जोड करू नये हे मावशीने दुसऱ्यांना शंभरदा सांगितलं असेल. पण दुसऱ्याला सांगायचं शहाणपण स्वतःच्या वेळी कपाटात जातं. तिने मोजा उसवला. एक नंबर जाड सुया घेतल्या. मोजा मोठा झाला, पण गाळणीसारखा, त्यातून बाळाचं बोट बाहेर आलं असतं. पुन्हा उसवला. चार टाके वाढवले. रुंदी आली, पण टाच सरकून भलतीकडे गेली. पुन्हा उसवला. चौथ्यांदा मुद्दाम सैल हाताने विणायला बसली, आणि मुद्दाम सैल धरलेला हात मुद्दामच राहिला. एक टाका ढगळ, एक आवळलेला, जसं काही पायजम्याला नाडी कुणीतरी चुकीच्या जागी ओवली आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

चार वेळा उसवून लोकर झिजली, तिला लव आली. मावशी लोकरीच्या दुकानात गेली. तिथे फडताळांवर आता उन्हाच्या टोप्या आणि सुती रुमाल लागले होते. दुकानदाराने चष्मा कपाळावर ढकलून तिच्याकडे बघितलं.

‘लोकर? आत्ता? बाई, लोक आता स्वेटर काढायला लागले, तुम्ही घालायला निघालात.’

‘एकच गुंडा हवा. हा रंग.’

‘हा रंग संपून तीन महिने झाले. आता येईल तो पुढच्या थंडीत, आणि तोही अगदी असाच येईल याची हमी नाही.’

म्हणजे जे काय करायचं ते हातात होती तेवढ्याच लोकरीत. अजून दोन-तीनदा उसवली तर तिचा कापूसच झाला असता.

त्या रात्री तिने नेहमीच्या हाताने पुन्हा एक मोजा विणला. दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही मोजे दुकानात आणले आणि दुपारी मास्तरांपुढे ठेवले. मास्तरांनी भिंग घेतलं आणि ताईचा मोजा असा उलटासुलटा करून बघितला, जसा काही पुरावाच आहे.

‘हा गप्पा मारत विणलाय,’ ते म्हणाले.

‘ते मला माहीत आहे.’

‘तसं नव्हे. बघा इथे. सैल, सैल, सैल, अगदी मजेत चाललंय. इथे मध्येच दोन ओळी आवळल्यात. इथे कुणीतरी विचारलं असणार, औषध घेतलंत का म्हणून. पुन्हा सैल.’ मग त्यांनी मावशीचा उचलला. ‘आणि हा तुमचा. पहिल्या टाक्यापासून शेवटच्यापर्यंत एकाच मापाचा. म्हणजे खोलीत तुम्ही एकट्या होता आणि मोजत होता.’

‘मग काय करू?’

‘बोला. तुमच्या ताईंचा हात सैल नव्हता, मावशी. त्यांचं लक्ष दुसरीकडे असायचं, म्हणून लोकर मोकळी राहायची. तुम्ही तिचा गळाच धरता.’

‘कुणाशी बोलू?’

‘माझ्याशी बोला.’

‘तुमच्याशी काय बोलायचं?’

‘हेच मी एकवीस वर्षं विचारतोय,’ असं म्हणून मास्तरांनी भिंग ठेवून दिलं आणि कुणाच्या तरी कोटाची बाही उसवायला घेतली. मावशीला कान गरम झाल्यासारखे वाटले. तिने दोन्ही मोजे कागदात गुंडाळले आणि उरलेली दुपार नेहमीपेक्षा भराभर अस्तरं लावली.

तिने प्रयत्न केला, नाही असं नाही. घरी एकटीच बोलत विणायला बसली. आज ऊन चांगलं पडलंय, म्हणाली. खिडकीबाहेरच्या झाडाला कोंब आलेत, म्हणाली. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी गाद्या वाळत घातल्यात. एवढ्यात बातम्या संपल्या. मग तिला कोंब मोजावेसे वाटले आणि आकडा तोंडात आला तसा हात पुन्हा आवळला. रेडिओ लावून बघितला, पण रेडिओला उत्तर द्यायचं नसतं, त्यामुळे ती ऐकता ऐकता मोजत राहिली. ताईने कुणाशीही बोलून दाखवलं असतं, दाराच्या कडीशीसुद्धा. तिला जमत होतं म्हणून ते सोपं वाटायचं.

अठरामधले अकरा दिवस गेले. रविवारी भाचीचा निरोप आला की पाय सुजलेत, घराबाहेर पडवत नाही, तूच ये. मावशी गेली. जावयाने दार उघडलं, चहा करून दिला आणि ‘तुम्ही आहात तोवर मी सामान घेऊन येतो’ म्हणून पिशव्या घेऊन बाहेर पडला. भाची आतल्या खोलीत होती. म्हणजे ताईच्या खोलीत. मावशी ताई गेल्यापासून त्या खोलीत पाय ठेवत नव्हती. आली की बाहेरच बसायची. आज भाची तिथेच पलंगावर उशांना टेकून, पाय वर करून, बाळाचे कपडे घड्या करत बसली होती. खिडकी सताड उघडी होती. औषधांचं टेबल जाऊन तिथे आता पाळणा आला होता. बसायला एकच खुर्ची होती, पलंगाला लागून. आठ महिने मावशी याच खुर्चीत बसून ताईचं ऐकत आली होती.

‘विणकाम आणलंस?’ भाचीने विचारलं. ‘दाखव, कुठवर आलंय.’

मावशीने पिशवीतून सुया काढल्या. सुईवर नुसते छत्तीस टाके होते, बाकी सगळं परत उसवलेलं.

‘एवढंच?’

‘होतंय.’

भाचीने एक लहानसं झबलं मांडीवर पसरलं. ‘मावशी, आई लहानपणी कशी होती गं? तिने सगळ्या जगाबद्दल सांगितलं मला. शेजारची, पाजारची, तुमच्या शाळेतल्या बाईंची. स्वतःचं कधी नाही सांगितलं. बाळाला मी काय सांगणार?’

मावशी उठायला निमित्त शोधत होती. चहा तर समोरच होता. पोरीचे पाय वर होते, घरात तिसरं माणूस नव्हतं. तिने पहिला टाका घेतला आणि म्हणाली, ‘व्रात्य होती.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे आमच्या बाबांचा एक राखी स्वेटर होता. तिला बाहुलीला झगा करायचा होता आणि लोकर नव्हती. तिने बाबांच्या स्वेटरची एक बाही उसवली. खालून वर. रोज थोडी थोडी. मला दाराशी उभं करायची, कुणी आलं तर खोक म्हणायची.’

‘आणि बाबांना कळलं नाही?’

‘पहिले दोन दिवस त्यांना वाटलं स्वेटर आटला. आईला म्हणाले, तू गरम पाण्यात धुतलास. आई म्हणाली, मग एकच बाही कशी आटेल? तेव्हा बाबांनी दोन्ही हात पुढे करून बघितले. एक बाही मनगटापर्यंत आणि एक कोपरापर्यंत. आणि ही तुझी आई शेजारी उभी राहून म्हणते कशी, बाबा, तुमचा एक हात लांब झालाय.’

भाची इतकी हसली की तिने पोट दोन्ही हातांनी धरलं. मावशीलाही हसू आलं. मग तिला त्या बाहुलीचं लग्न आठवलं, ज्यात वरपक्षाचं जेवण म्हणून ताईने घरचा सगळा गूळ संपवला होता. मग शाळेत ताईने मावशीचं गणित सोडवून घेतलं आणि बदल्यात तिच्यातर्फे बाईंशी बोलायला गेली, कारण मावशीला बोलायची भीती वाटायची. ‘माझ्या वाटचं सगळं तीच बोलायची,’ मावशी म्हणाली. ‘मी मोजायची, ती बोलायची. असं वाटून घेतलं होतं आम्ही.’ आणि मग ताईचं लग्न ठरलं तेव्हा मावशी दोन दिवस कपाटामागे बसून होती, हे तिने कुणालाच कधी सांगितलं नव्हतं, तेही सांगून झालं. एकदा तोंड उघडल्यावर तिचं तिलाच आवरेना. उन्हाची तिरीप पाळण्यावरून सरकून भिंतीवर गेली.

‘बघू,’ भाची म्हणाली आणि तिने वाकून मोजा हातात घेतला. मावशी दचकली. घोटा झाला होता, टाच वळली होती, तळवा संपत आला होता, आणि तिने एकही टाका मोजला नव्हता. भाचीने ताईचा मोजा त्यावर ठेवला. कडेला कड लागली. घोटा घोट्यावर, टाच टाचेवर. मावशीच्या मोज्यात एक ओळ वाकडीसुद्धा होती.

‘जमला की,’ भाची म्हणाली. ‘आता नुसती बोटं राहिली. चल, अजून सांग. शेवटचं काय बोलणं झालं तुमचं?’

मावशीने सुया घेतल्या, एक टाका घेतला, आणि तो आवळला गेला. दुसराही आवळला गेला. तिने विणकाम मांडीवर ठेवलं. आता काहीतरी सांगता आलं असतं. त्या आधीच्या रविवारी ताई लिंबाच्या रंगाच्या लोकरीबद्दल बोलली होती, ते शेवटचं म्हणून चाललं असतं, पोरीला बरंही वाटलं असतं. पण दोन तास खरं बोलून झाल्यावर ताकाला जाऊन भांडं लपवायचं तिच्याने होईना.

‘बोलणं झालं नाही,’ ती म्हणाली. ‘गेली त्या दुपारी तिचा फोन आला होता मला. मी दुलईचे टाके घालत होते. मी म्हटलं, थांब, मोजतेय. आणि तोडला फोन. मग उलटा केलाच नाही. तिला काहीतरी सांगायचं असणार. मी मोजत बसले. तुला हे माहीत नव्हतं. तुला आता माझा राग आला तर येऊ दे. बाळाला माझ्याकडे द्यायला नको वाटलं तरी मी समजू शकते.’ हे सगळं ती पाळण्याकडे बघून बोलली.

हातातलं झबलं भाचीने घडी करून बाजूला ठेवलं.

‘मला माहीत होतं,’ ती म्हणाली. ‘फोन मीच लावून दिला होता. आईच्या बोटांत जोर नव्हता. आवाज मोठा करून उशीवर ठेवला होता तिच्या कानाशी.’

मावशीने मान वर केली नाही.

‘आणि तोडला कुठे तू? चालूच होता तो. कुठेतरी टाकलास तू तो, खसखस आवाज आला. आणि मग तू मोजायला लागलीस. मोठ्याने. मला इतका राग आला होता मावशी, खोटं कशाला सांगू. मी फोनमध्ये ओरडणार होते. आईने माझा हात धरला. म्हणाली, मोजू दे तिला.’

‘ऐकत होती?’

‘सगळं. डोळे मिटून. पलीकडे तू आकडे म्हणत होतीस आणि इथे तिचे ओठ हलत होते तुझ्याबरोबर. नव्वदच्या पुढे कुठेतरी तुला खोकला आला, तर म्हणाली, पाणी पी म्हणावं तिला. शेवटी तू एकशे चव्वेचाळीस म्हणालीस आणि म्हणालीस, झाले बरोबर. त्यावर आई हसली. कित्येक दिवसांनी हसली. म्हणाली, कुठले बरोबर, पासष्ट दोनदा म्हणाली ती.’

मावशीचे हात मांडीवर होते तसेच राहिले. त्या दुलईत एक टाका जास्त निघाला होता. ताई गेल्यानंतर आठवड्याने तिने ती पुन्हा हातात घेतली तेव्हा पाचव्या ओळीला नक्षी सरकलेली दिसली. एकशे पंचेचाळीस. आयुष्यात पहिल्यांदा तिचे टाके चुकले होते, आणि लाजेने तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. मास्तरांना नाही, कुणालाच नाही. पोर समजूत घालायला काहीतरी रचून सांगतेय, असं म्हणायला आता जागा नव्हती.

‘मग मला सांगितलं का नाहीस?’ तिने विचारलं. ‘इतके दिवस.’

‘आईनेच बजावलं होतं. तिचं नीट बोलणं तेवढंच शेवटचं. म्हणाली, सांगू नकोस हं तिला. परत उसवत बसेल.’

बाहेर जावयाची चावी दारात फिरली आणि पिशव्या ठेवल्याचा आवाज आला. भाचीने हात पुढे करून मावशीचा हात धरला. डोळे पुसायचंही मावशीला सुचलं नाही. मग, धाकटीने थोरलीपुढे चोरी कबूल करावी तसं, अगदी बारीक आवाजात ती म्हणाली, ‘उसवलीच गं मी. पाचच्या पाच ओळी.’